पटाशीच्या दातांवरची रेघ

सकाळी ९. नागपुरातलं माझं लहान मुलांच्या दातांचं क्लिनिक उघडलं, ऑटोक्लेव्ह लावला. दुपारी सीलिॲक, म्हणजे ग्लूटेन न चालणारा आजार, असलेला मुलगा यायचा आहे. त्याच्यासाठी पॉलिशिंगच्या पेस्टमध्ये काय काय आहे, हे कंपनीकडून लेखी मागवून ठेवलंय. पेस्ट थुंकून टाकायचीच असते, तरी त्याच्या आईला कागद दाखवलेला बरा.

१०. यवतमाळकडची आठ वर्षांची मुलगी, सोबत आई आणि आजी. समोरचे दात पिवळट-तपकिरी. "आमच्या गावचं पाणीच तसं हाय मॅडम," आजीने निदान करून टाकलं. तिकडच्या पाण्यात फ्लोराइड असतं, म्हणून मलाही आधी तेच वाटतं. दात हवेने सुकवून दिवा तिरका धरला. पटाशीच्या चारही दातांवर एकाच उंचीला आडवी खाच, नख अडकेल अशी, आणि बारीक खळगे. सहाव्या वर्षी येणाऱ्या चारही दाढासुद्धा खडबडीत. हे दात जन्मापासून चार-पाच वर्षांपर्यंत हिरडीच्या आत घडत असतात. त्या काळात काही बिघडलं की डाव्या-उजव्या दोन्ही दातांवर एकाच पातळीला खूण उमटते. फिनलंडच्या लीसा आइने यांनी १९८६ मध्ये सीलिॲकच्या मुलांमधल्या अशा दोषांची प्रतवारी मांडली. मी ती अजून वापरते.

पण फ्लोराइडचे डागही दोन्ही बाजूंना सारखेच येतात, त्यामुळे नुसत्या दातांवर भागत नाही. घरात आणखी कोणाचे दात असे? थोरल्या भावाचे पांढरेशुभ्र, पाणी तेच. तोंड येतं? वरचेवर. रक्त? लोहाचं सिरप कधीचं चालू, हिमोग्लोबिन हलत नाही. गणवेश? आईला हसू आलं, "मागच्या सालचाच बसते."

१०.४५. बालरोगतज्ज्ञांना चिठ्ठी लिहिली: रक्तातलं टीटीजी-आयजीए (सीलिॲकची प्रतिपिंडं) आणि एकूण आयजीए बघावं. सीलिॲकमध्ये गव्हातल्या ग्लूटेनमुळे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते, एवढं समजावलं.

"मंग आजपासून पोळी बंद?"

"नाही आजी, रिपोर्ट येईपर्यंत रोज द्या." गहू सुटला की रक्तातली प्रतिपिंडं उतरतात, आतडं भरून यायला लागतं आणि तपासणी फसते. चिठ्ठीतल्या याच एका ओळीखाली मी दोनदा रेघ ओढते.

१२ ते २. रूट कॅनॉल, दुधाचे दात, एक रडारड.

२.१५. डबा. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ असताना महागडी ग्लूटेन-फ्री बिस्किटं कशाला, हे माझं आवडतं भांडण. साखर आणि चिकट स्टार्च. दातांचा फायदा शून्य. मात्र भाकरीवाल्यांनीही चक्की बघावी: आधी गहू दळला असेल तर ज्वारीच्या पिठात तो येतोच. भाजणी, मेतकुटात बहुधा गहू असतो. डबीतल्या हिंगातसुद्धा बऱ्याचदा कणीक किंवा मैदा मिसळलेला असतो, हे ऐकून लोक माझ्याकडे संशयाने बघतात.

४. तो मुलगा आला. पथ्य सांभाळल्यापासून तोंड येणं जवळपास थांबलंय. "मग डाग का नाही गेले?" एनॅमल बनवणाऱ्या पेशी दात उगवेपर्यंतच असतात, पथ्याने आतडं सुधारतं, घडून गेलेला दात नाही. समोर कॉम्पोझिटचा थर दिला, झिणझिण्या येणाऱ्या दाढेला वार्निश लावलं. आईने कागद वाचून घडी करून पर्समध्ये ठेवला.

६.३०. एका छोट्या पेशंटची आई स्वतःचं तोंड दाखवायला बसली. सारखे छाले. अशा बहुतेकांना सीलिॲक नसतो. बी-१२, लोह आधी बघावं लागतं. पण हिच्या बहिणीला तो आहे, आणि हिने कुठेतरी वाचून सहा महिन्यांपूर्वीच गहू सोडलाय. आता रक्ताचा रिपोर्ट चांगला आला तरी भरवसा काय? एचएलएची जनुकीय चाचणी निगेटिव्ह आली तर सीलिॲकची शक्यता जवळपास मिटते. पॉझिटिव्ह आली तर काहीच सिद्ध होत नाही.

"म्हणजे परत पोळी खायची?"

"पोटाचे डॉक्टर सांगतील तितके आठवडे. मनाने नको."

तिला त्यांचा नंबर दिला आणि छाल्यांवर लावायचं जेल लिहून दिलं.