पाइप, गुलाब आणि तारा

गोल्फच्या जुन्या लोखंडी काठीवर, म्हणजे आयर्नवर, सगळ्यात ठसठशीत अक्षरांत जे नाव असतं ते बहुतेक वेळा ती घडवणाऱ्याचं नसतंच. ते असतं विकणाऱ्याचं. कुठल्याशा क्लबात खेळ शिकवता शिकवता दुकानही चालवणाऱ्या ‘प्रो’चं, नाहीतर एखाद्या मोठ्या पेढीचं. ज्या लोहाराने ते पातं ऐरणीवर ठोकलं, तो पात्याच्या पाठीवर नखाएवढ्या चित्रात दडलेला असतो. जुन्या आयर्नची ओळख पटवायची तर नाव वाचण्याआधी हे चित्र शोधायचं.

पाइप दिसली तर तो सेंट अँड्र्यूजचा टॉम स्टुअर्ट. गुलाब असेल तर त्याच गावातला रॉबर्ट कॉन्डी. तारा किंगहॉर्नच्या विल्यम गिब्सनचा, हाताचा पंजा लेव्हनच्या जॉर्ज निकोलचा. ही सगळी गावं स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यातली, समुद्रकाठची. लांब, अरुंद पात्याच्या आयर्नला तिथे ‘क्लीक’ म्हणत, म्हणून हे लोक क्लीकमेकर आणि त्यांचा ठसा तो क्लीकमार्क.

एवढ्या लोहारांचं पोट गोल्फवर भरू लागलं ते चेंडू बदलल्यामुळे. 1848 च्या सुमारापर्यंत चेंडू म्हणजे कातडी पिशवीत ठासून भरलेली पिसं. लोखंडाची धार लागली की शिवण उसवायची, आणि चेंडू महाग. त्यामुळे खेळ चालायचा मुख्यतः लाकडी काठ्यांनी. लोखंड काढायचं ते वाळूतून किंवा गाडीच्या चाकोरीतून चेंडू उकरायला. मग गटापर्चाचा, म्हणजे झाडाच्या चिकापासून केलेला, टणक आणि स्वस्त चेंडू आला आणि लोखंडाचे दिवस पालटले. पुढच्या काही दशकांत मॅशी, निब्लिक, जिगर, मिडआयर्न अशी नावांची नुसती पलटण उभी राहिली. आजच्या पाच नंबर, सात नंबरपेक्षा ही नावं मला तरी जास्त जिवंत वाटतात.

स्टुअर्टने स्वतःचा भाता 1893 साली पेटवला. 1930 साली चारही मोठ्या स्पर्धा एकाच वर्षात जिंकणाऱ्या बॉबी जोन्सच्या पिशवीतही पाइपच्या ठशाची आयर्न होती, तीही हिकरीच्या लाकडी दांड्याची. खरं तर सेंट अँड्र्यूजच्या नियममंडळाने त्याच्या आदल्याच वर्षी पोलादी दांड्याला मुभा दिली होती. म्हणून 1930 च्या आसपास या वस्तूंच्या इतिहासात एक रेघ ओढता येते: लाकडी दांडा त्याअलीकडचा क्वचितच असतो.

पण इथे एक फसगत आहे. लाकडाला सरावलेल्या गिऱ्हाइकाला चकचकीत पोलाद रुचेना, म्हणून कंपन्यांनी पोलादी दांड्यांवर पिवळसर, तपकिरी, लाकडासारखं दिसणारं वेष्टण चढवलं. स्पॉल्डिंग कंपनीने जोन्सच्या सहीची आयर्न अशाच दांड्यांसकट ढिगाने विकली. माळ्यावर त्यातलं एखादं सापडलं की घरच्यांना वाटतं, खुद्द जोन्सचीच काठी हाती लागली. दांड्याला लोहचुंबक लावावं. चिकटला तर प्रश्न मिटला.

दांडा खरोखर हिकरीचा निघाला, तर पात्याचा दर्शनी भाग पाहायचा. तो गुळगुळीत असेल तर आयर्न बहुधा एकोणिसाव्या शतकातलं. रबरी गाभ्याचा चेंडू विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर आला आणि त्यानंतर पात्यावर ठिपके, तुटक रेघा, सलग रेघा उमटू लागल्या. रुंद, खोल खाचा असतील तर आणखी सोपं: 1921 साली जॉक हचिसनने तसल्या आयर्ननी ब्रिटिश ओपन जिंकली आणि त्याच वर्षी तिथे त्यांच्यावर बंदी आली. मग मान पाहायची, म्हणजे दांडा जिथे लोखंडात शिरतो ती नळी. जाड, लांब मान आणि तिच्या तोंडाशी कानशीने पाडलेल्या खोल, ओबडधोबड खाचा ही हातकामाची जुनी खूण. ‘स्टेनलेस’ असा ठसा असेल तर फार मागे जायचं कारण नाही.

किमतीचं गणित मात्र वयावर बसत नाही, आणि बहुतेकांची निराशा इथेच होते. शंभर वर्षांची मॅशी म्हणजे काही दुर्मीळ चीज नव्हे. अशा मॅशी कारखान्यांतून लाखांनी निघाल्या, आणि पुष्कळशा आज हॉटेलांच्या भिंतींवर टांगलेल्या आहेत. पैसा मिळतो तो विचित्रपणाला. चाकोरीतून चेंडू काढण्यासाठी केलेलं, मुठीएवढ्या गोल पात्याचं रट आयर्न. पाण्यातून मारताना पाणी आरपार जावं म्हणून मधोमध भोक पाडलेलं निब्लिक. माँट्रोजच्या ब्राउनने तर पात्याला दंताळ्यासारखे दातेच पाडले; त्याचं अस्सल आयर्न आज हजारो डॉलरना जातं. आणि अगदी वरच्या टोकाला चेंडू पिसांचा असतानाच्या काळातली, लोहाराने गाडीची धाव किंवा नांगराचा फाळ करता करता घडवलेली, चौकोनी टोकाची आयर्न. त्यातलं एक 2007 साली सदबीजच्या लिलावात दीड लाख डॉलरवर गेलं. त्यावर कुणाचाही ठसा नव्हता.

मुंबईकरांना एक ठसा ओळखीचा वाटेल: आर्मी अँड नेव्ही. लंडनच्या या पेढीने 1891 मध्ये मुंबईत शाखा काढली आणि काळ्या घोड्याजवळची तिची इमारत आजही त्याच नावाने ओळखली जाते. साहेब मंडळींना तिथे चहापासून तंबूपर्यंत सगळं मिळे. या पेढीच्या नावाची आयर्न आढळतात. पण तेही नाव विकणाऱ्याचंच. असं आयर्न हाती आलं तर उलटं करून पाठीवरचं बारीक चित्र पाहावं. किंमत ठरवायला त्या चित्राची मदत जास्त होते.

ते पाहण्याच्या घाईत पॉलिश पेपर मात्र हाती घेऊ नये. जुन्या लोखंडावरची काळपट झाक संग्राहकाला हवी असते, आणि ठसा उथळ असेल तर गंजाबरोबर तोही घासला जातो. सुकं फडकं आणि तेलाचा एखादा थेंब एवढं पुरतं. दांडा बदललेला नाही ना, मूठ मूळच्याच कातड्याची आहे ना, हे विकत घेणारा स्वतः तपासतो. नवं कातडं गुंडाळून ठेवलं, तर तो आधी तेच सोडायला लावेल.