हिवाळ्यातही झाडाला तहान लागते

नागपूरकराला झाडाची तहान आठवते ती नवतपात. पारा पंचेचाळिशी ओलांडतो, कूलर अहोरात्र घरघरतो आणि मग कुणीतरी पाइप ओढत नेऊन अंगणातल्या कडुनिंबाच्या बुंध्याशी पाणी सोडतो. त्या झाडाचा उपास मात्र तोवर सात-आठ महिने चाललेला असतो. आपल्याकडे वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो खरा, पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ऑक्टोबरपासून हवा कोरडी होते, डिसेंबर-जानेवारीत थंडही होते. २९ डिसेंबर २०१८ रोजी तर शहराचे किमान तापमान ३.५ अंशांवर आले होते. अशा दिवसांत आपल्याला तहान जाणवत नाही, म्हणून झाडालाही ती नसेल असे आपण धरून चालतो. पण दुपारचे ऊन लख्ख असते, पानांवरची सूक्ष्म छिद्रे उघडी असतात आणि कोरडी हवा त्यांतून बाष्प ओढत राहते. जमिनीतली ओल रोज थोडी थोडी संपते, ती भरून निघत नाही.

सक्करदरा, हनुमाननगर, रेशीमबाग या भागांतल्या जुन्या ले-आउटमध्ये फिरले, तर घर बांधताना लावलेली अशी झाडे अजून दिसतात. कडुनिंब, आंबा, जांभूळ, करंज, क्वचित चिंच. घराची दुसरी पिढी आता निवृत्त होत आली आहे आणि झाड पन्नाशीत आहे. रोपट्याला पाणी घालायचे असते हे सगळ्यांना ठाऊक असते. मोठ्या झाडाबद्दल मात्र ‘त्याची मुळे पाताळात गेली आहेत, त्याला काय कमी’ अशी समजूत पक्की आहे.

ही समजूतच घात करते. झाडाची पाणी आणि अन्न शोषणारी केसासारखी बारीक मुळे बहुतांशी जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांत असतात. खोल जाण्याऐवजी ती आडवी पसरतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे जातात. बुंध्याजवळची जाड मुळे झाडाला उभे धरतात, पण पाणी फारसे शोषत नाहीत. म्हणजे बुंध्याशी सोडलेले पाणी चुकीच्या दारात पडते. त्यात आपली काळी माती. ओली झाली की फुगते, सुकली की आकसून हातभर भेगा पडतात आणि त्या भेगांबरोबर बारीक मुळेही तुटतात. उन्हाळ्यात पाणी मिळाले तरी ते प्यायला मुळेच उरलेली नसतात.

उरलेले काम गट्टू करतात. चिखल नको, गाडी लावता यावी, झाडायला सोपे जावे म्हणून अंगणभर गट्टू किंवा सिमेंट येते आणि झाडाच्या गळ्याशी वीतभर चौकोन उरतो. समोरचा रस्ता सिमेंटचा होतो, त्याच्या कडेची नाली खोदताना एका बाजूची मुळे सरळ रेषेत कापली जातात. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. माती झाकली, दाबली गेली की दोन्ही तुटते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरच्या आतले काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. एक मीटर ही झाडाच्या दृष्टीने अगदीच किमान जागा आहे. अंगण आपलेच असेल तर फांद्यांच्या सावलीइतकी नाही, निदान तिच्या अर्धी जमीन तरी उघडी ठेवावी. बुंध्याभोवती मातीची भर घालून ओटा बांधणे हाही तोच प्रकार आहे, फक्त दिसायला देखणा.

पाणी द्यायचे ते फांद्यांच्या टोकाखाली, गोल चर किंवा उथळ आळे करून, सावकाश. रोज बादलीभर दिल्याने वरची दोन-तीन इंच मातीच भिजते आणि मुळे वर येऊ लागतात. त्यापेक्षा नोव्हेंबरपासून तीन-चार आठवड्यांतून एकदा आणि मार्चनंतर पंधरवड्यातून एकदा, पण फूट-दीड फूट ओल जाईल इतके द्यावे. ओल कुठवर गेली हे पाहायला लोखंडी सळाख पुरते. ओल्या मातीत ती सहज उतरते, कोरड लागली की अडते. मोठ्या झाडाला एका वेळी पाच-सहाशे लिटर लागू शकतात. टँकरची वाट पाहणाऱ्या घराला हा आकडा चैनीचा वाटेल, हे मान्य आहे. म्हणूनच खरी तजवीज पावसाळ्यात करायची. शंभर चौरस मीटरच्या छतावर एका मोसमात सुमारे एक लाख लिटर पाणी पडते आणि आपण ते पाइपाने नालीत सोडतो. तोच पाइप झाडाच्या घेराजवळच्या शोषखड्ड्याकडे वळवता येतो. एसीतून ठिबकणारे पाणी झाडाला उत्तम. कूलरच्या टाकीतले मात्र नको. पाणी उडून जाते आणि क्षार मागे उरतात; जाळीवर जमणारी पांढरी पुटे तीच. आरओच्या टाकाऊ पाण्यालाही हेच लागू.

आंब्याचा अपवाद लक्षात ठेवावा. मोहोर धरण्यासाठी त्याला पावसाळ्यानंतर ताण लागतो. ऑक्टोबर ते डिसेंबर मोठ्या आंब्याला भरपूर पाणी दिले, तर मोहोराऐवजी पालवी फुटण्याची शक्यता वाढते. कैऱ्या वाटाण्याएवढ्या झाल्या की पाणी सुरू करावे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंब पाने गाळतो. आपण ती झाडून त्याच झाडाखाली पेटवतो. साल भाजते, वरची मुळे होरपळतात, शेजारच्या दमेकऱ्याला खोकला लागतो. हीच पाने तीन-चार इंच जाडीने घेराखाली पसरली तर माती थंड राहते, ओल टिकते, भेगा कमी पडतात. फक्त बुंध्याला लागून ढीग नको. साल सतत ओली राहून कुजते. उधईची भीती लोकांना वाटते. ती बहुधा वाळलेली साल आणि मेलेले लाकूड खाते. जिवंत झाडावर तिचे मातीचे पट्टे फार वर चढलेले दिसले, तर आत काहीतरी मेलेले आहे का ते पाहावे.

छाटणीबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण सर्वांत जास्त नुकसान इथे होते. पावसाळ्याच्या तोंडावर कुऱ्हाडवाला बोलावून शेंडाच उडवला जातो. झाड ‘हलके’ झाले असे वाटते. पण झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही. कुजलेला भाग झाड आतून भिंत घालून वेगळा करते आणि त्यावर नवे लाकूड चढवते. अमेरिकेतील वनवैज्ञानिक अॅलेक्स शिगो यांनी हजारो खोडे चिरून ही गोष्ट दाखवून दिली. फांदी जिथून निघते तिथे एक फुगीर कडे असते. भिंत घालण्याचे काम तिथून चालते. काप त्या कड्याच्या बाहेर हवा. कडे कापले तर कूज खोडात उतरते, लांब खुंट सोडला तरी तो कुजतो. जड फांदी आधी खालून थोडी, मग पुढे वरून कापावी, म्हणजे साल सोलवटत नाही. उडवलेल्या शेंड्याजवळ फुटणारे जोमदार कोंब पुढे फांद्या होतात, पण त्यांची पकड वरवरची असते आणि वादळात त्याच मोडतात. एका वर्षी पाव हिस्स्यापेक्षा जास्त पाने काढू नयेत. ढोलीत सिमेंट भरणे, जखमेला डांबर फासणे, बुंध्याला ऑइलपेंट देणे यांतून झाडाला काही मिळत नाही. सालीलाही श्वासाची छिद्रे असतात.

झाड धोक्याचे झाले आहे हे ओळखायचे कसे? बुंध्याच्या तळाशी कडक, फळीसारखी भूछत्रे आली, एका बाजूची माती उचललेली दिसली, झुकाव अलीकडचा असला किंवा शेंडे वरून खाली वाळत आले, तर मुळे तपासून घ्यावीत. खोदकामात तुटलेल्या मुळांचा परिणाम बरेचदा दोन-चार वर्षांनी दिसतो. तेव्हा नाली कुणाला आठवत नाही, झाडालाच दोष दिला जातो. एकदम सुकलेला प्रत्येक कडुनिंब मात्र मेलेला नसतो. बुरशी आणि रस शोषणाऱ्या किडीमुळे त्याचे कोवळे शेंडे करपतात, पण अनेक झाडे पुढच्या पालवीत सावरतात. तोडायला घाई करू नये.

आणि तोडणे आपल्या एकट्याच्या हातात नाहीच. महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी वृक्ष संरक्षण कायद्यात झाड जाळणे किंवा त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही ‘तोडणे’ या शब्दातच येते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरील झाड ‘वारसा वृक्ष’ ठरते. अंगण आपले असले तरी परवानगी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची लागते. मे महिन्यातल्या वादळानंतर तिथे अर्जांची रीघ लागते. फांदी छपरावर टेकायला आली असेल तर अर्ज जानेवारीतच द्यावा. कडुनिंब तेव्हा पाने गाळायच्या बेतात असतो, छाटणीलाही तोच काळ बरा.