शिक्का वजनाचा व ज्ञानाचा

आम्हां धान्य-व्यापाऱ्यांस शिक्क्याचे महत्त्व सांगावयास नको. लोखंडी वजनांवरील सरकारी शिक्का २४ महिन्यांनी, तर विजेच्या काट्यावरील १२ महिन्यांनी पुन्हा करून घ्यावा लागतो. वजन झिजते, काटा ढळतो. म्हणून एकदा मिळालेला शिक्का कायमचा मानीत नाहीत.

जुन्या हुबळीतील कित्येक मुले-मुली आज पुणे-बेंगळूरच्या कचेऱ्यांत सेवकवर्गाची व्यवस्था पाहतात. या विद्येचे सोसायटी फॉर ह्यूमन रिसोर्स मॅनेजमेंट या अमेरिकन संस्थेचे प्रमाणपत्र ३ वर्षेच चालते. तेवढ्या मुदतीत ६० गुणांचे अध्ययन करावे, अथवा पुन्हा परीक्षेस बसावे, असा नियम आहे.

एकदा उत्तीर्ण झाल्यावर हा जाच कशास, असे वडीलधारी मंडळी विचारतात. त्याचे उत्तर आपल्या पगारपत्रकातच आहे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी २९ जुने कायदे एकत्र करून ४ कामगार संहिता अमलात आल्या. आता वगळावयाचे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्यास वरचा भाग वेतनातच धरावा लागतो. जुनीच व्याख्या घोकून बसलेला अधिकारी, जेथे ग्रॅच्युइटी लागू आहे तेथे ती कमी मांडील, आणि ती तूट वृद्ध सेवकाच्या पदरी पडेल. खोट्या वजनाने गिऱ्हाईक नाडले जाते. शिळ्या ज्ञानाने नोकर.

यास्तव तरुणांच्या या अध्ययनास व्यर्थ खर्च म्हणू नये. मालकास तर कोणतेच प्रमाणपत्र लागत नाही. म्हणूनच त्याने काट्यावर शिक्का करून घेतेवेळी आपले पगारपत्रकही जाणत्याकडून तपासून घ्यावे, अशी व्यापारी बंधूंस नम्र विनंती आहे.