घरातला आवाज (भाग ९) : सबवूफर डग्ग्यासाठी
सातारा-सांगलीकडे छातीत धडधडणाऱ्या आवाजाला एकच नाव आहे, डॉल्बी. मिरवणुकीत ट्रॉलीवर रचलेली खोक्यांची भिंत म्हणजे डॉल्बी. गंमत अशी, की रे डॉल्बी यांनी १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली आणि नाव कमावलं ते टेपवरची खरखर घालवून! आपण ते नेमकं उलट्या कामाला चिकटवलं. म्हणून तर घरात सबवूफर घ्यायचा विषय निघाला की घरची मंडळी आधी शेजारच्या दाराकडे बघतात.

मला सबवूफर लागतो तो डग्ग्यासाठी. चार-पाच इंची स्पीकरवर तबल्याची चाट स्वच्छ येते, पण डग्ग्यावरची मींड खाली उतरता उतरता मध्येच विरते, कारण शंभर हर्ट्झच्या खाली या स्पीकरांचा दम संपत जातो. तंबोऱ्याचं मात्र तसं होत नाही. काळी एकला लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झचा. तेवढा खालचा स्वर छोट्या स्पीकरला धड पेलत नाही. पण मिरजेचे कारागीर घोडी घासून जी जवारी काढतात, तिच्यामुळे वरचे स्वर इतके भरभरून उमटतात, की राहिलेला तळ आपला मेंदूच पुरा करतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते काही उगाच नाही. तेव्हा नुसता तंबोरा ऐकायला सबवूफर घेऊ नका. डग्गा, पखवाज आणि सिनेमा यांच्यासाठी घ्या.

पॉवर्ड सबवूफरच्या पोटातच अँप्लिफायर असतो, त्यामुळे जुन्या अँपवर भार पडत नाही. अँपला ‘सब आउट’ असेल तर एका केबलचं काम. नसेल तर स्पीकरच्या टर्मिनलवरूनच आणखी वायरी काढून सबच्या ‘हाय लेव्हल’ला जोडा, स्पीकर आहेत तसेच राहू द्या. जोडताना दोन्हींचे प्लग काढलेले हवेत.

मग क्रॉसओव्हर, म्हणजे सब आणि स्पीकर यांच्यातल्या विभागणीची हद्द, ८० हर्ट्झवर ठेवून सुरुवात करा. एव्ही रिसीव्हर असेल तर ही विभागणी तोच करतो. अशा वेळी सबवरचा नॉब शेवटापर्यंत फिरवून ठेवायचा, नाहीतर आवाज दोनदा गाळला जातो. फेजचा खटका ०वर आणि १८०वर टाकून पाहा. तुमच्या खुर्चीत बसून ज्या बाजूला डग्गा भरीव लागेल, ती बाजू बरोबर.

खरी परीक्षा खोलीची. ६९ हर्ट्झची लाट पाच मीटर, म्हणजे सोळा फुटांची, आणि आपली खोली दहा बाय बारा! बारा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपासचा आवाज अडकून फुगतो. कोपऱ्यात ठेवलेला सब जोरात वाजतो खरा, पण तिथे डग्गा आणि ड्रम सगळं एकसारखं ‘धुम्म’ होतं. उपाय जरा हास्यास्पद आहे. सब तुमच्या बसायच्या जागी ठेवा, ठेका सुरू करा आणि भिंतीकडेने रांगत, कान जमिनीजवळ नेत ऐका. जिथे प्रत्येक थाप सुटी ऐकू येईल, तिथे सब न्या. घरचे हसतील. हसू द्या.

साताऱ्याच्या पेठांतल्या जुन्या जाड भिंतींच्या घरात आवाज आतच घुमतो. सांगलीत विश्रामबागेच्या फ्लॅटमध्ये तो स्लॅबमधून खाली उतरतो. तिथे सबखाली जाड रबर घाला आणि आवाज बेतानं ठेवा. पत्र्याच्या घरात सबच्या आधी पत्राच वाजतो. मांडणीवरची ताटं थरथरू लागली, तर दोष सबला देण्याआधी ताटं हलवा.

पुढच्या भागात सब जोडल्यावर येणारी ती बारीक ‘हूंऽऽ’ आणि घराचं अर्थिंग. तुमच्याकडे सब शेवटी कुठल्या भिंतीला बसला, तेवढं खोलीच्या मापासह कळवा.