मुळशीचे पाणी आणि खाडीचा मासा

पुणे जिल्ह्याला समुद्र नाही, ही गोष्ट प्राथमिक शाळेच्या भूगोलातच आपल्याला कळते. त्यामुळे मुळशी तालुक्यातल्या माणसाने खाऱ्या पाण्यातल्या मासेमारीवर लिहावे, हे वाचकांना आगाऊपणाचे वाटेल. पण भूगोलाचेच आणखी एक पान उलटले, तर आमचा आणि समुद्राचा संबंध वाटतो तितका दूरचा नाही.

मुळा नदी मूळची पूर्ववाहिनी. तिचे पाणी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळावयाचे. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मुळशीला धरण बांधले गेले. त्याविरुद्ध १९२१ साली मावळ्यांचा सत्याग्रह झाला आणि पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी त्याच लढ्याने दिली. तरीही गावे बुडाली. १९२७ मध्ये भिरा येथील वीजगृह सुरू झाले, आणि तेव्हापासून मुळशीचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून नळांतून खाली उतरून कुंडलिका नदीत जाते. कोलाड, रोहे करीत ते रेवदंड्याच्या खाडीत पोहोचते आणि कोर्लईच्या किल्ल्याजवळ अरबी समुद्राला मिळते. आमच्या शेतांवरचे पाणी जिथे खारे होते, तिथे ताम्हिणी उतरून मी गेली काही वर्षे हौसेने गळ टाकतो आहे. त्यातून जे समजले, ते येथे सांगावयाचे आहे.

धरणावर गळ टाकणाऱ्याला वेळेचे फारसे बंधन नसते. खाडीत मात्र घड्याळ चंद्राच्या हाती. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, तर अष्टमीच्या आसपास भांग. भरतीची वेळ काढण्याची आपल्या किनाऱ्यावरची जुनी रीत फार सोपी आहे: तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती. दुसरी भरती त्यानंतर साडेबारा तासांनी. हा अंदाज मिनिटाला बरोबर येत नाही, पण एस. टी. पकडण्यापुरता पुरतो! पाणी चढू लागले की लहान मासे व कोळंबी काठाकडे सरकतात आणि त्यांच्यामागे मोठे मासे येतात. गळाला खरी ओढ लागते ती याच वेळी.

साहित्य थोडेच लागते. तंगूस, शिसे, दोन-तीन मापांचे गळ आणि आमिषाला ताजी कोळंबी. धरणावर चालणारे कणकेचे गोळे येथे फारसे उपयोगी नाहीत, कारण खाडीतले गळाला लागणारे बहुतेक मासे शिकारी वृत्तीचे असतात. याच कारणाने पापलेट आणि बोय गळाला क्वचितच लागतात. त्यांचा आहार निराळा, ते जाळ्याचे मासे. २०२३ साली पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा घोषित केले गेले, पण गळवाल्याच्या पिशवीत हा मान्यवर सहसा येत नाही.

मग खाण्यास उत्तम कोणते? माझ्या मते पहिला मान जिताड्याचा. पांढरे, जाड, मऊ मांस आणि काटे कमी. पेण-अलिबागकडे तो शेततळ्यांत वाढवितात, आणि साहेबाला खूश करावयाचे तर जिताडा न्यावा, असे तिकडे गमतीने म्हणतात. दुसरी तांबोशी, तिचे मांस घट्ट असल्यामुळे कालवणात तुकडा मोडत नाही. तिसरी मुडदुशी. आकाराने लहान, पण इतकी हलकी की आजाऱ्याला व लहान मुलालाही चालावी. शेंगाळा दिसावयास ओबडधोबड, परंतु डोक्यासकट केलेले त्याचे आंबट-तिखट कालवण ज्याने खाल्ले तो नावे ठेवणार नाही. मात्र त्याच्या परांचे काटे विषारी असतात. गळ सोडविताना ते लागले तर हात तासन्‌तास ठणकतो. केंड मासा लागला तर खाण्याचा मोह मुळीच धरू नये. त्याचे विष शिजवूनही जात नाही, आणि त्याने माणसे दगावतात.

खाऱ्या पाण्यातला मासा गोड्या पाण्यातल्यापेक्षा चवदार का, असा प्रश्न आमच्या घरी नेहमी निघतो. समुद्राच्या खारेपणाशी तोल साधण्यासाठी तिथले मासे आपल्या शरीरात काही अमिनो आम्ले साठवितात. त्यांतल्या काहींची चव गोडसर असते. तोल साधणारे आणखी एक द्रव्य मासा मेल्यावर जिवाणूंमुळे बदलते आणि त्यातून तो प्रसिद्ध वास येतो. कोकम, चिंच किंवा लिंबू या वासाला बांधून ठेवते. रोहू-कटल्याला कधी चिखलाचा वास येतो, तो तलावातल्या सूक्ष्म शेवाळातून. आंबटाने तोही कमी होतो. म्हणजे घाटावरची चिंच आणि कोकणातले आमसूल यांच्यामागचे शास्त्र एकच आहे. आपल्या आज्यांनी ते प्रयोगशाळेशिवाय शोधले होते.

चवीचा अर्धा भाग मात्र पकडल्यानंतरच्या अर्ध्या तासात ठरतो. मासा तडफडत ठेवू नये. लगेच मारून रक्त वाहू द्यावे, पोट साफ करावे आणि बर्फात ठेवावा. बांगडा, सुरमई, कुपा यांच्या बाबतीत तर ही काळजी आवश्यकच, कारण ते उन्हात राहिले की त्यांत हिस्टॅमिन तयार होते आणि शिजवल्यानेही ते नष्ट होत नाही. अंगावर गांध्या, डोकेदुखी, उलट्या असा त्याचा प्रसाद मिळतो. शिवाय जिथे कारखान्यांचे सांडपाणी येते, तिथला मासा कितीही देखणा असला तरी ताटात घेऊ नये.

आता महत्त्वाची गोष्ट. जिताडा जन्मतः नर असतो आणि काही वर्षांनी मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे फोटो काढण्यासारखा जो सर्वांत मोठा मासा, तोच बहुधा हजारो-लाखो अंडी घालणारी मादी! शेंगाळ्याचा नर मादीची अंडी तोंडात धरून, उपाशी राहून सांभाळतो; तोंडात अंडी असलेला शेंगाळा जाळ्यातही येतो. अगदी लहान मासे मारले तर पुढची पिढी नाही, आणि अगदी मोठे मारले तर बीजच नाही. मधल्या आकाराचे एक-दोन मासे ठेवावेत; घरच्या एका जेवणाला तेवढे पुरतात आणि चवीलाही तेच चांगले.

जाळ्याला निवड करता येत नाही. कोळी बांधवांचे पोट त्यावर आहे, आणि पावसाळ्यात मासे विणीला येतात त्या काळात, जून-जुलैत, त्यांच्या यांत्रिक नौका बंद राहतात. त्याची झळ ते सोसतात. हौसेने गळ टाकणाऱ्याचा मासा हातात जिवंत येतो, आणि त्याला पोटाची सक्ती नसते. म्हणून निवडीची जबाबदारी आपल्यावर अधिक. मुळशीकरांना विचारून आपले पाणी कोणी खाली नेले नाही. पण त्या पाण्यात काय जगू द्यायचे, हे ठरविण्याचा थोडा तरी अधिकार गळ धरणाऱ्या हाताला आहे. लहान मासा गळातून सोडविताना हात ओला करून घ्यावा, म्हणजे त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही आणि तो जगतो.