कागदावर सापडलेला ग्रह

२३ सप्टेंबर १८४६. बर्लिन वेधशाळेतल्या योहान गाले यांच्या हाती पॅरिसहून एक पत्र पडलं. उर्बें ल व्हेरिए यांनी त्यात आकाशातली एक नेमकी जागा सांगून तिथे दुर्बीण लावण्याची विनंती केली होती. नवा ग्रह तिथे दिसेल, असा त्यांचा दावा होता.

तो त्यांनी स्वतः पाहिलाच नव्हता. युरेनस गणिताने आखलेली वाट सोडून किंचित भरकटत होता. न्यूटनचा नियम चुकणार नाही, म्हणजे युरेनसला कुणीतरी ओढत असणार. एवढ्यावरून त्यांनी त्या न दिसलेल्या ग्रहाचा पत्ता कागदावर काढला.

वेधशाळेचे संचालक एंके यांचा त्या दिवशी ५५ वा वाढदिवस. त्यांनी जराशा नाखुशीनेच परवानगी दिली. रात्री गाले दुर्बिणीला डोळा लावून बसले. ग्रहाची चकती काही दिसेना. सोबतच्या द'आरे या विद्यार्थ्याने ताऱ्यांचा नकाशा घेण्याचं सुचवलं. कपाटात शोधाशोध झाली आणि नवाकोरा नकाशा हाती लागला. गाले एकेका ताऱ्याची जागा सांगू लागले, द'आरे नकाशात ताडून पाहू लागला. मग एका मंद ताऱ्यापाशी तो ओरडला: हा तर नकाशातच नाही! ल व्हेरिए यांनी सांगितलेल्या जागेपासून तो 'तारा' एक अंशही दूर नव्हता. दुसऱ्या रात्री तो सरकलेलाही दिसला. नेपच्यून सापडला होता.

पुढे ल व्हेरिए बुधाकडे वळले. त्याच्या कक्षेचं सूर्याजवळचं टोक शतकाला ३८ विकला जास्तच सरकत होतं. विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. उत्तर ठरलेलंच होतं: सूर्यालगत आणखी एक ग्रह, व्हल्कन. १८५९ मध्ये एका खेड्यातल्या डॉक्टरांनी सूर्यबिंबावरून सरकणारा काळा ठिपका पाहिल्याचं कळवलं. ल व्हेरिए स्वतः त्यांच्या घरी गेले, उलटतपासणी घेतली आणि खात्री पटून परतले.

तर्क तोच, गणित तेवढंच काटेकोर. व्हल्कन मात्र कुणालाच पुन्हा खात्रीने दिसला नाही.

१९१५ च्या नोव्हेंबरात आइन्स्टाइन यांनी बुधाचा हिशेब जुळवला, एकही ग्रह न वाढवता. न चुकणारा मानलेला न्यूटनचा नियमच तिथे अपुरा पडत होता. हेही कागदावरच उमगलं.

हे ऐकायला ल व्हेरिए नव्हते. व्हल्कनवरचा विश्वास न सोडता ते १८७७ मध्ये वारले. तारीख होती २३ सप्टेंबर.