रमीचं देणं फेडण्याआधी

हातातलं काम चालू राहू द्या. शेंगा फोडता फोडता ऐका.

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एका बाईने चाळीस हजारांची मागणी घातली. कारण सांगितलं, शेळ्या घ्यायच्यात. आमच्या अध्यक्षीणबाई जुन्या जाणत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "बांधणार कुठं गं?" बाईला उत्तर सुचेना. मग डोळ्याला पदर लागला. शेळ्या नव्हत्याच. पोराने मोबाइलवर रमी खेळून कर्ज करून ठेवलं होतं आणि पैसे मागणारे दारात यायला लागले होते.

मी तिला नावं ठेवणार नाही. २०२३ साली मीच हे केलंय. माझा धाकटा दीर, कामाला वाघ, तंबाखूचंही व्यसन नाही. त्याने माझ्या पायावर डोकं ठेवलं, "वहिनी, एवढ्या वेळी सोडवा, परत हात लावणार नाही." मी गटातून कर्ज उचललं, वर कानातली फुलं मोडली आणि त्याचं सगळं देणं एका दिवसात फिटवलं. तो खोटं बोलत नव्हता, हे मी आजही सांगते. तेव्हा त्याला खरंच सोडायचं होतं. पण कर्ज देणाऱ्या ॲपचे पैसे वेळेत परत गेले, म्हणून त्याच ॲपने त्याला आधीपेक्षा मोठं कर्ज देऊ केलं. फोन त्याच्या खिशात, बँक त्या फोनमध्ये, आणि डोक्यावर देणं नाही. दोन महिन्यांत होतं त्याहून जास्त झालं.

पैसा बुडाला ते बुडाला. पण माझी चूक क्रमाची होती. भोक न बुजवता मी हौदात पाणी ओतत होते.

आता हे भोक पडतं कसं, ते समजून घेऊ. जुगार आपल्याला नवा नाही. बाजारच्या दिवशी तिर्रटचे डाव बसायचे, मटक्याच्या चिठ्ठ्या फाडल्या जायच्या. पण मटक्याला ओपन आणि क्लोजची वेळ होती. तिर्रटला चार माणसं जमावी लागत, आणि खिसा रिकामा झाला की माणूस उठायचा. फोनवरचा डाव रात्री दोन वाजताही भरलेला असतो. खिसा रिकामा झाला, तर कर्ज देणारंही त्याच फोनमध्ये बसलेलं असतं. आमच्या दिराचा खेळ वाढला तो विहिरीवर. शेतीची लाइट रात्रीची. मोटार चालू करायला गेलेला माणूस लाइटची वाट बघत एकटा बसायचा. हातात फोन, आणि घरच्यांना वाटायचं, बिचारा पाणी देतोय.

स्किनर नावाचे एक अमेरिकी मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी कबुतरांवर प्रयोग केले. चोच मारली की दरवेळी दाणा मिळत असेल, तर दाणा बंद झाल्यावर कबुतर लवकर नाद सोडतं. पण दाणा कधी पाचव्या टोचीला, कधी पन्नासाव्या टोचीला, असा बेभरवशाचा मिळाला, तर ते टोचतच राहतं. पैशांचा खेळ नेमका असाच चालतो. अधूनमधून दोनशे-पाचशे जिंकू देतो. एका पत्त्याने डाव हुकला, तर मेंदूला तो हरल्यासारखा वाटत नाही, जिंकता जिंकता राहिल्यासारखा वाटतो. आणि मग सगळ्यात वाईट विचार येतो, की गेलेलं तेवढं भरून काढू आणि थांबू. हरलेला माणूस हावेने खेळतो असं आपण म्हणतो. मी जवळून बघितलंय, तो बहुतेक भीतीने खेळत असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचं व्यसन आहे. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नव्या यादीत मोबाइल-संगणकावरच्या खेळाच्या व्यसनालाही वेगळी जागा मिळाली. ओळख साधी आहे. खेळावरचा ताबा सुटतो, जेवण, झोप, कामधंदा सगळं खेळाच्या मागे पडतं, आणि नुकसान डोळ्यांनी दिसत असूनही माणूस थांबत नाही. सहज गंमत म्हणून तासभर खेळणारं पोर म्हणजे रोगी नव्हे, उगाच प्रत्येकाच्या मागे लागू नका. पण घरात फोन पालथा ठेवला जातोय, किराणा दुकानात उधारी वाढलीय, अनुदान खात्यावर आलं आणि दुसऱ्या दिवशी खातं मोकळं, असं दिसलं तर विचारा.

"पण सरकारने बंद केलं ना हे?" असं मला खूप जणी विचारतात. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ सालच्या एका निकालात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला होता. त्याच आधारावर कंपन्या वर्षानुवर्षं उघड जाहिराती करत राहिल्या, मोठे मोठे नट त्यात दिसले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला. पैसे लावून खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, अशी त्यात तरतूद आहे. नुसतं खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही, तेव्हा तक्रार करायला बिचकू नका. मोठ्या कंपन्यांनी पैशांचे डाव बंद केले. पण परदेशातून चालणाऱ्या साइट आहेत, व्हॉट्सॲप-टेलिग्रामवर लिंक येतात, गावातलंच कुणीतरी "आयडी" देतं. कायद्याने दुकान बंद होतं, सवय बंद होत नाही.

मग आम्ही दुसऱ्या वेळी काय केलं? आधी, खरं सांगते, माझ्या नवऱ्याने फोन दगडावर आपटला. काही उपयोग झाला नाही. दीर मित्राच्या फोनवर खेळायला लागला. मग सासूबाईंनी त्याला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "मारायचं न्हाई, ओरडायचं न्हाई. फक्त सगळी नावं लिही." त्याने आधी पाच नावं लिहिली. तीन दिवसांनी आणखी चार आठवली. पहिली यादी कधीच पूर्ण नसते. लाजेने माणूस मोठा आकडा मागे ठेवतो.

यादी झाल्यावर आम्ही त्याला घेऊन बँकेत गेलो. त्याच्याच सहीने यूपीआय बंद करण्याचा अर्ज दिला, एटीएम कार्ड सासूबाईंच्या डब्यात गेलं. त्याला साधा बटणांचा फोन दिला. सातबाऱ्यावर त्याचं नाव होतं, म्हणून घरात सगळ्यांसमोर ठरलं, की जमिनीच्या कुठल्याही कागदावर एकट्याने सही करायची नाही. रात्री मोटारीवर त्याच्यासोबत कुणीतरी जायचं. हे सगळं त्याच्या संमतीने झालं. म्हणून टिकलं. पहिले काही आठवडे वाईट गेले. चिडचिड, झोप नाही, ताटावरून उठून जाणं. सातव्या आठवड्यात एकदा मित्राच्या फोनवर बाराशे हरला आणि घरी येऊन स्वतःच बोलला. मला आधी राग आला. पण जिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशक ताई म्हणाल्या, लपवलं नाही ही सुधारणाच समजा.

आणि देणं? ते सगळ्यात शेवटी, हप्त्याहप्त्याने, घरच्या माणसाच्या हातून. एकरकमी नाही, आणि त्याच्या हातात तर नाहीच. कर्जाच्या ॲपवाले फोनमधली नावं काढून पाहुण्यारावळ्यांना फोन करतात, घाण फोटो बनवून पाठवण्याची धमकी देतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कर्ज देणाऱ्या ॲपला तुमच्या फोनमधल्या नंबरांच्या यादीला हात लावता येत नाही. धमकीचा मेसेज पुसू नका, १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा आणि पोलीस ठाण्यात जा. बेकायदा सावकाराने जमीन लिहून घेतली असेल, तर जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते.

आता जड गोष्ट बोलते. जून २०२५ मध्ये आपल्याच धाराशिव तालुक्यात एका तरुणाचं घर संपलं. तो, त्याची बायको आणि दोन वर्षांचं लेकरू. ऑनलाइन रमीत पैसे गेले, शेत विकलं, तरी देणं राहिलं, असं बातम्यांत आलं. शेत विकूनही देणं राहिलं, या शब्दांपाशी मी अजून अडकते. म्हणून सांगते, घरातला माणूस गप्प झाला, "माझ्यामुळे तुम्हाला त्रास" असं बोलू लागला, तर सरळ विचारा, "मरायचा विचार येतो का रे?" विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नका. १४४१६ हा टेली मानसचा क्रमांक आहे. फुकट, दिवसरात्र, मराठीतून. खेळणाऱ्यानेच लावावा असं नाही, बायकोने, आईने लावला तरी चालतो. जिवाला धोका दिसला तर ११२.

तर त्या शेळ्यांच्या बाईचं. गटाने तिला चाळीस हजार दिले नाहीत. तिला त्या दिवशी ते फार लागलं, मला दिसत होतं. किराणा आणि धाकटीच्या वह्या-पुस्तकांसाठी पाच हजार दिले, आणि आम्ही दोघी तिच्यासोबत घरी गेलो. पोरगं आधी बाहेरच येईना. चहा झाला, दुसरा झाला. मग आलं आणि उंबऱ्यात बसलं. मी पिशवीतून वही आणि पेन काढून त्याच्यापुढे ठेवलं. त्या दिवशी सहा नावं लिहिली त्याने. परवा त्याच्या आईचा फोन होता, आणखी दोन सांगितली म्हणाली. सोमवारी ते बँकेत जाणार आहेत.